डाव्या पानावरची गंगू

३ जानेवारी १९८६, शुक्रवार

सुभाषच्या कंपनीची डायरी यंदा मी ढापली. दरवर्षी तो तिच्यात गॅसचा नंबर कधी लावला एवढंच लिहितो आणि बाकीची पानं कोरी जातात. मला यंदा लिहायला भरपूर आहे, आणि बोलायला कोणी नाही.

सकाळी नंदकिशोर सरांनी खोलीत बोलावलं. बिस्किटांची बशी पुढे केली तेव्हाच ओळखलं, की काहीतरी नको ते ऐकावं लागणार. या संशोधन केंद्रात लागून तेरा वर्षं झाली. सरांची बिस्किटं आजवर तीनदा खाल्ली आणि तिन्ही वेळा बढती दुसऱ्याला मिळाली होती.

"वैजयंतीबाई, तुमच्या जासईच्या वह्या कपाटात नुसत्या पडून आहेत," सर म्हणाले. "एक मुलगी येतेय, चारुलता. फार हुशार. ती गावात जाऊन नव्या मुलाखती घेणार नाही. तुम्ही त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला घेतलेल्याच मुलाखती नवे प्रश्न घेऊन परत वाचणार. जुनी सामग्री, नवा अभ्यास. कशी आहे कल्पना?"

कल्पना! म्हणजे रांधून मी ठेवायचं आणि वाढायचा मान तिचा. वाचायला मी काय मेले होते? हे अर्थात मनात. तोंडानं "छान आहे सर" म्हणाले आणि दोन बिस्किटं जास्तीची खाल्ली.

त्या वह्यांसाठी मी काय केलंय ते मला माहीत. नवं शहर येणार म्हणून गावांच्या जमिनी जात होत्या. आठवड्यातून चार दिवस उरणच्या एसटी गाडीनं जासईला जायचे. चाळीस घरं, एका घराला एक वही. सरांचा नियम होता: उजव्या पानावर छापील बावन्न प्रश्नांची कुटुंबप्रमुखानं दिलेली उत्तरं. मध्येच बायको, आई, शेजारीण कोणी बोललं तर ते डाव्या पानावर, वर 'विषयांतर' असं लिहून. नावं कुठेच नाहीत, फक्त घर क्रमांक. कोणत्या क्रमांकाचं घर कोणाचं, ती यादी वेगळ्या वहीत, माझ्या ताब्यात. शहात्तर साली सरांचा अहवाल निघाला तो उजव्या पानांवरून. त्यात माझा उल्लेख 'संशोधन सहायक क्र. २' असा आहे.

माझं पुस्तकही उजव्या पानांवरूनच होणार आहे. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालंय. बारावा खर्डा चालू आहे.

७ जानेवारी, मंगळवार

आली. चोवीस वर्षांची, मूळची चिपळूणची, इथे वाशीत सेक्टर नऊमध्ये पेइंग गेस्ट राहते. खांद्याला शबनम, उजव्या हातात घड्याळ. मला वाकून नमस्कार केला. म्हणजे मी म्हातारी, असंच ना? मी बेचाळिसाची आहे.

कपाट मी उघडून दिलं. तिनं पहिली वही दोन्ही हातांनी उचलली, उघडली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं अक्षर किती सुंदर आहे!" अक्षराची तारीफ करणाऱ्यांना मजकुराबद्दल काही बोलायचं नसतं, हे मी ओळखून आहे.

मग तिनं वह्या मोजल्या. कोणी सांगितलं होतं मोजायला?

"एकोणचाळीस आहेत, मॅडम. तेवीस नंबर नाहीये."

"त्या घराला कुलूप होतं," मी म्हणाले.

हे मी का बोलले? तेवीस नंबरची वही माझ्या घरी आहे. शहात्तर साली पुस्तक सुरू करायचं म्हणून नेली, ती लोखंडी कपाटात पैठणीखाली, नावांच्या यादीसकट. गंगूची वही. चाळीस घरांत एकच बाई माझ्याशी मनापासून बोलली, ती गंगू. कोणाला सांगणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. दिलेल्या शब्दापायी थोडं खोटं बोलावं लागलं, एवढंच.

८ जानेवारी, बुधवार

चहा तिनं आणला. साखर जास्त होती.

१५ जानेवारी, बुधवार

आज माझं हळदीकुंकू. सोसायटीतल्या अठरा जणी आल्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. चारुलताला बोलावणं भाग होतं, कारण सरांच्या मिसेसना बोलावलं होतं.

ती आली ती थेट स्वयंपाकघरात. सुभाष बिचारा तिथे तिळगुळाच्या पुड्या बांधत दडून बसला होता. दोघांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. पंधरा वर्षांत सुभाषला माझ्या कामाबद्दल एक प्रश्न सुचला नाही आणि आज तो तिला विचारत होता, "म्हणजे माणसाला न भेटता त्याची मुलाखत वाचून कसं काय कळतं?"

"कळत नाहीच बऱ्याचदा," ती म्हणाली. "पण मॅडमनी डावी पानं इतकी नीट लिहिलीत! सगळे सहायक विषयांतर म्हटलं की दोन शब्द लिहून मोकळे होतात. यांनी बायकांचं बोलणं होतं तसंच्या तसं उतरवून घेतलंय. मी उजवी पानं अजून उघडली पण नाहीत."

मी बाहेरून ऐकलं. जे मी बाजूला टाकलं तेच तिनं उचललं! बरं, टाकलेलंही माझंच होतं.

जाताना दारात चपला घालताना म्हणाली, "मॅडम, नऊ वह्यांमधे 'गंगूची खांड' असं येतं. खांड म्हणजे भरतीच्या पाण्यानं बांध फुटतो ती जागा ना? पण बायकाच सांगतात, की त्याच जागेला पुरुष 'रामचंद्राचा बांध' म्हणतात. ही गंगू कोण?"

"असेल कोणीतरी. एका गावात चार गंगू असतात," मी म्हटलं आणि तिला तिळगुळाची दुसरी पुडी दिली, तोंड बंद व्हावं म्हणून.

ती गेल्यावर सुभाष म्हणाला, "गोड मुलगी आहे गं." मी म्हटलं, मग दत्तक घे. तो हसला. मला हसू आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज केंद्रात तिचं निवेदन झालं. अडीच आठवड्यांत! मला पहिलं प्रकरण सुरू करायलाच तीन वर्षं लागली होती.

फळ्यावर तिनं एकच वाक्य लिहिलं: 'हे लिवलेला कोनाला दावशील?' मग म्हणाली, "एकोणचाळीस वह्यांपैकी सत्तावीस वह्यांत बायकांनी हाच प्रश्न विचारलाय. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दिवशी. आपण समजतो की प्रश्न विचारणारे आपण. इथे सत्तावीस जणी उलट आपल्याला विचारतायत. आणि मॅडमनी प्रत्येक वेळी तो प्रश्न जशाच्या तसा लिहून घेतलाय."

सर खुर्चीत पुढे सरकले. तेरा वर्षांत माझ्या बोलण्यावर ते कधी पुढे सरकले नाहीत. ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलेलं, माझ्या हातानं लिहिलेलं, आणि सर बघत होते तिच्याकडे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गावात सगळेच विचारतात असं. ती बोलायची रीत असते. तू तिथे नव्हतीस, म्हणून तुला त्यात एवढं दिसतं. माणूस तिथे असावा लागतो. कोण कसं बसलंय, कोण कोणाकडे बघून बोलतंय, हे वहीत येत नाही."

"खरंय मॅडम," ती लगेच म्हणाली. "म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही काय उत्तर देत होता? वह्यांमध्ये प्रश्न आहे, उत्तर कुठेच नाहीये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आठवेना. सत्तावीस वेळा मी काहीतरी म्हटलं असणारच. मी म्हणाले, "प्रसंगानुसार," आणि पाण्याचा ग्लास उचलला.

२७ जानेवारी, सोमवार

आज मी पहिल्यांदा सरांच्या खोलीत न बोलावता गेले.

सांगितलं, की मुलाखती एका कामासाठी घेतल्या होत्या. लोकांनी त्या कामासाठी होकार दिला. आता त्यांना न विचारता त्या दुसऱ्याच अभ्यासाला वापरणं म्हणजे विश्वासघात आहे. मी काही जणींना शब्द दिलेला आहे. उद्या कोणी ओळखलं, की हे अमक्याच्या घरातलं बोलणं, तर केंद्राचं नाव जाईल.

हे सगळं खरंच आहे. एक अक्षर खोटं नाही. घरी येताना स्वतःचाच अभिमान वाटत होता. सर घाबरले, म्हणाले की विचार करून निर्णय होईपर्यंत चारुलतानं काम थांबवावं.

येताना चौकातून अर्धा डझन पॅटिस आणले. सुभाषनं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, एका चांगल्या गोष्टीसाठी भांडले.

३१ जानेवारी, शुक्रवार

कपाटाला कुलूप. चारुलता चार दिवस खिडकीजवळ नुसती बसून आहे. रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. आज दुपारी माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी आधी विचारायला हवं होतं. एवढंच सांगा, शब्द दिल्याची नोंद कुठल्या वहीत आहे? म्हणजे निदान त्या बाईंपुरतं मला कळेल, काय वापरायचं नाही ते."

आवाजात कसलाच टोमणा नव्हता. मी खूप शोधला.

"बघून सांगते," म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सुभाष मॅच बघायला खालच्या कुलकर्ण्यांकडे गेला. मी कपाट उघडलं, पैठणी बाजूला केली आणि तेवीस नंबरची वही काढली. दहा वर्षांनी. शब्द दिला तो नेमका कोणत्या ओळीत आहे ते दाखवून त्या मुलीचं तोंड कायमचं बंद करायचं, एवढाच हेतू होता.

आधी उजवं पान. बावन्नावा प्रश्न: आणखी काही सांगायचे आहे का? कुटुंबप्रमुख: 'नाय.'

समोरच्या डाव्या पानावर गंगू. एका पानावर मावली नाही म्हणून पुढची तीन डावी पानं. माझ्याच अक्षरात.

'बांध फुटला तवा मी नवी नवरी. पुरुष मानसं मिठागरावं गेली व्हती. भरतीचा पानी आत याया लागला. आमी सात बायका खांडीत हुब्या रायलो, एकमेकीचे कमरंला धरून, आन मागच्या बायका चिखल टाकीत गेल्या. पानी उतरंपरत हललो नाय. बांध रायला. गावाचा भात रायला. आन नाव कोनाचा पडला? रामचंद्राचा बांध! चिखल मी व्हायला, नाव त्याचा. आता जमिनीच्या कागदावं पन त्याचाच नाव. आन तू म्हनतंस घर नंबर तेवीस. बाई, मना नंबर नको. माजा नाव लिव. गंगू. मंग सांग, हे लिवलेला कोनाला दावशील?'

त्याखाली चार बोटं जागा कोरी. मग बारीक, वळणदार अक्षरात माझा शेरा: 'उत्तरदात्रीस गोपनीयतेचे महत्त्व पटलेले नाही. विषयांतर.'

शब्द दिल्याचं कुठेच नाही. मी वही दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तिनं कधी कोणाला सांगू नको म्हटलंच नव्हतं. तो शब्द मी कधी आणि कोणाला दिला, देव जाणे.

मॅच हरलो म्हणून सुभाष तोंड पाडून आला. मला बघून म्हणाला, "तू पण रेडिओवर ऐकलीस वाटतं."

३ फेब्रुवारी, सोमवार

वही ऑफिसला नेली नाही. नेऊन करायचं काय? म्हणजे गंगूही तिलाच मिळणार. खांड तिनं शोधली, प्रश्न तिनं शोधला, आता गंगू आयती हातात ठेवू? पुढच्या निवेदनात फळ्यावर गंगू येईल आणि सर खुर्चीतून पडतीलच.

चारुलतानं पुन्हा काही विचारलं नाही. मला सर्दी झालीय असं मी सगळ्यांना सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस विचार केला. माझ्या लक्षात आलं, की गंगूला मी स्वतः जाऊन विचारायला हवं. मीच. ती मला ओळखेल. चारुलताला कोण ओळखतं तिथे? गंगू म्हणेल, "बाई, तूच लिव." मग त्यावर काय कोणी बोलणार? बारावा खर्डा फेकून द्यायचा आणि पुस्तक गंगूपासून सुरू करायचं. पहिलं वाक्यसुद्धा सुचलंय.

परवा रजा टाकतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊन आले. जसं घडलं तसं लिहिते, म्हणजे निदान या वहीत तरी डावं-उजवं होणार नाही.

उरण गाडीत खिडकी मिळाली. वही पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. बंदराच्या कामाचे डंपर एकामागून एक चालले होते. जासईला उतरले तर खाडीच्या बाजूला बांध शोधूनही दिसेना. जिथे बांध होता तिथे लाल मुरमाचा भराव, आणि त्यावर पिवळं मशीन फिरत होतं.

घर तेच होतं. पुढे ओटी, तिथे पाटीत सुकट वाळत घातलेली. पन्नाशीला आलेली एक बाई निवडत बसली होती. कोपऱ्यात बाजेवर एक अगदी म्हातारा माणूस.

मी विचारलं, "गंगूबाई आहेत का?"

बाईनं माझ्याकडे नीट बघितलं. "सासू जाऊन दोन वरसं झाली. तुमी ती वहीवाली बाई काय?"

मी ओटीच्या कडेला बसले. ती गंगूची सून, मैना. त्र्याहत्तरला ती आत चुलीशी असायची, मी तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. तिनं पाणी दिलं.

"सासू सांगं सगल्यांना," मैना म्हणाली. "एक बाई आली व्हती, मी बोललंला सगला वहीत लिवून नेला तिनी. कोनी आला वाशीवरून का इचारी, ती वहीवाली बाई दिसली का? आमी हसायचो तिला." मग म्हणाली, "त्या पोरीनी सांगितला, तुमी यनार हायत म्हनून."

"कोणत्या पोरीनं?"

"ती हो, खांद्याला पिशवीवाली. रविवारी आली व्हती. वहीवाली बाई कोनाकडं आली व्हती तो इचारत सात घरी गेली. म्हनाली, तुमचा बोलना वाचू का, तुमाला चालंल का. आमच्याकडं आली, सासूचा इचारला. मी सांगितला, ती गेली. तर म्हनाली, तुमच्या सासूची वही आमच्या मॅडमकडं हाय, जपून ठेवलीय. त्या सोता येतील, तुमाला वाचून दावतील."

आधीच पोचली! माझ्या आधी चार दिवस! खरं सांगते, गंगू गेल्याचं ऐकून डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच आटलं आणि कानशिलं तापली. इथेसुद्धा तीच पुढे. कुलूप वगैरे खोटं होतं हे तिला केव्हाच कळलं होतं. नऊ वह्यांत गंगू आणि गंगूचीच वही नाही, हे कळायला काय लागतं? तरी सरांकडे गेली नाही. गेली असती तर फार बरं झालं असतं. मला तिच्यावर मनापासून चिडता तरी आलं असतं.

मैना हात पुसून समोर येऊन बसली. "वाचा ना. आमच्याकडं तिचा फोटूपन नाय."

मी वही काढली. पहिल्यांदा उजवं पान उघडलं, सवयीनं. मग डावं. वाचताना गंगूचं बोलणं माझ्या तोंडून येत होतं आणि मला ते नीट जमत नव्हतं. मैना मध्ये मध्ये 'अशीच बोलं ती, अशीच' म्हणत होती. शेजारच्या दोघी येऊन कुडाला टेकल्या. सात बायका खांडीत उभ्या राहिल्या तिथे आल्यावर त्यांतली एक म्हणाली, "त्यात माजी आई व्हती." ते माझ्या वहीत नव्हतं.

'चिखल मी व्हायला, नाव त्याचा' वाचताना मी अडखळले, कारण बाजेवरचे रामचंद्र घरत उठून बसले होते. एवढी वर्षं ज्यांना मी कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलं ते, गंगूचे नवरे. ऐकू कमी येत असावं म्हणून मैनानं त्यांच्या कानाशी मोठ्यानं ते वाक्य परत सांगितलं.

म्हाताऱ्यानं बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "खरा हाय. मी त्या दिसी मिठागरावं व्हतो."

"मग तुमी कवा बोलला नाय तो?" मैना म्हणाली.

"मना कोनी इचारला?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "बाई, तिचा नाव लिवलाव का वहीवं?"

मी वहीकडे बघितलं. वर, ठळक, दोनदा गिरवलेलं: घर क्र. २३.

"नाही," म्हणाले.

"मंग लिवा. बांध तं आता रायला नाय."

निघताना मैनानं कागदात सुकट बांधून दिली. गाडीत सगळे माझ्यापासून लांब बसले. वाशीपर्यंत मी चारुलतावर चिडायचा पुष्कळ प्रयत्न केला. मधे मधे जमलाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सरांना सांगितलं, की काम थांबवायचं कारण नाही. लोकांना विचारायला हवं होतं हे खरं, पण चारुलता ते विचारतेय. सात घरं तिनं केली, उरलेल्या घरांना मी तिच्याबरोबर जाईन. ज्यांना नको त्यांची वही बंद राहील. नावांची यादी माझ्याकडेच राहील, त्यात बदल नाही. सरांनी बिस्किटं पुढे केली. मी घेतली नाहीत.

मग तिच्या टेबलाशी गेले. खोटं बोलले होते ते कबूल करायचं ठरवून गेले होते, पण तोंडून निघालं, "त्या घराचं कुलूप उघडलं."

"हो का?" ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. तेवढंच. मी त्या मुलीला ओळखते असं मला अजून वाटत नाही.

तिनं मला तिच्या अहवालाचं पहिलं पान दाखवलं. जानेवारीतच टाइप केलेलं, कागदाच्या कडा मळल्यात. वर लिहिलंय: 'मुलाखती: वैजयंती निमकर'. खाली, लहान टायपात: 'वाचन: चारुलता'. माझं नाव त्या केंद्राच्या कागदावर मी पहिल्यांदाच बघितलं. ते पान तिनं जानेवारीपासून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं आणि मी तिच्या चहातली साखर मोजत होते.

मी तिला जासईला घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, "वहीवर मी गंगूचं नाव लिहिणार आहे."

"मूळ नोंदीत बदल करायचा नसतो, मॅडम," ती चाचरत म्हणाली. नियम तोच आहे, मीच तो नव्या सहायकांना शिकवते.

"मग बाजूला लिहिते. तारीख घालून, सही करून."

"चालेल," ती म्हणाली. मग हळूच: "मॅडम, पुढच्या वेळी जाताना मला न्याल? रविवारी ते म्हातारे झोपले होते, मला त्यांचा आवाज ऐकायचाय. वहीत येत नाही तो."

तेव्हा मात्र मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. ते बोलले तेव्हा मी तिथे होते आणि ती नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

वही उद्या तिला द्यायची आहे. सुभाष बाजारात गेलाय. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले, शाईचा डाग पडू नये म्हणून. जुनं फाउंटन पेन धुऊन घेतलं.

पहिल्या पानावर, घर क्र. २३ च्या शेजारी लिहिलं: गंगू रामचंद्र घरत. बघत बसले. मग 'रामचंद्र' बरोबर वाटेना. म्हाताऱ्यानं नाव लिहा म्हटलं होतं ते तिचं. तिनंही सांगितलं होतं, गंगू, एवढंच. मधला शब्द आणि आडनाव खोडलं. तारीख घातली. सही करताना माझंही नुसतं वैजयंती लिहिलं.

मग ते डावं पान काढलं. 'हे लिवलेला कोनाला दावशील?' च्या खाली चार बोटं कोरी जागा होती ती तशीच होती. तिथे लिहिलं: 'मैनाला दाखवलं. रामचंद्रांना दाखवलं. १३ फेब्रुवारी १९८६. तुला दाखवायचं राहिलं.'

शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवलीय. चारुलताच्या हातात जायच्या आधी आणखी एकदा सगळी वाचणार आहे, डाव्या पानापासून.